कोंबड्याच्या पायऱ्या

लेकीने लॅपटॉप माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आई, ह्याचं काहीतरी कर. हा कोंबडा नाही राहिला, हातमोजा झालाय."

खरंच हातमोजा झाला होता. पावाच्या एका जुन्या वेष्टनावरचा आमचा कोंबडा तिने स्कॅन केला होता आणि दुकानाच्या बोर्डाच्या मापाला ताणला होता. अंगठ्याएवढं चित्र दाराएवढं केलं की त्याच्या कडांना पायऱ्या पडतात. ह्याच्याही पाठीवर, पोटावर, शेपटीवर करवतीसारखे दाते उभे राहिले. ते घालवायला तिने कडा गुळगुळीत करायचं बटण दाबलं. आता बटणाला बिचाऱ्याला काय कळणार, की पाठीवरचे दाते नकोत आणि डोक्यावरचा तुरा हवा? त्याने सरसकट सगळ्यांवर रंधा फिरवला. तुऱ्याची टोकं गेली, चोचही बोथटली, आणि पाच बोटांचं काहीतरी गुबगुबीत उरलं.

"पेंटर संध्याकाळी येणार आहे," लेक म्हणाली. "सोमवारी दुकान उघडायचंय."

सोमवारी तिची बेकरी सुरू होणार होती, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. चांगली नोकरी सोडून तिने हा उद्योग मांडला तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला होता, पण माझा नवरा, तिचा बाबा, पहिल्याच दिवशी म्हणाला, "पाव पोचवायचं माझ्याकडे. गाडी मी चालवतो." त्याच्या त्या शब्दावर तिने पांढरी जुनी व्हॅन घेतली. शाळा, दवाखाना, दोन खानावळी, सगळ्यांना पहाटेचा पाव द्यायचं कबूल करून बसली. ड्रायव्हर ठेवायचा विचारसुद्धा तिच्या मनात आला नाही. व्हॅनची किल्ली ह्याच्या शर्टाच्या खिशात असायची आणि हा दर थोड्या वेळाने तो खिसा चाचपून बघायचा, जणू ती पळून जाणार होती.

"ठेव इथे," मी लेकीला म्हटलं. "आणि जा. डोक्यावर उभी राहिलीस तर माझ्याच्याने होणार नाही."

ती भट्टी बघायला दुकानात गेली. मी हातमोजा पुसून टाकला, मूळचं दातेरी चित्र परत आणलं आणि बराच वेळ नुसती बघत बसले. त्या कोंबड्याची आणि माझी ओळख लेकीपेक्षा जुनी आहे.

तेव्हा मी छापखान्यात होते. छापखान्याने नवाच कॉम्प्युटर विभाग काढला होता. विभाग म्हणजे काय, एक खोली, त्यात दोन यंत्रं, आणि यंत्रांवर घालायला फोरमनच्या घरच्या जुन्या पडद्याची शिवलेली झाकणं. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. सगळ्या इमारतीत गार हवा फक्त त्याच खोलीत, त्यामुळे उन्हाळ्यात जो उठे तो काहीतरी विचारायच्या निमित्ताने तिथे येई आणि दाराबाहेर चपलांचा बाजार भरे.

त्या यंत्रांवर चित्र काढायचं म्हणजे ठिपक्यांवर ठिपके मांडायचे. सरळ रेघ झकास यायची. वळण आलं की पायऱ्या. गोल काढायला जावं तर जिना व्हायचा. आजच्यासारखं बटण नव्हतंच. मग आम्ही एक युक्ती शोधली होती: काळ्या पायरीच्या कोपऱ्यात एक करडा ठिपका ठेवायचा, त्याच्या पलीकडे त्याहून फिका. जवळून बघितलं तर कडेला मळ चिकटल्यासारखा दिसायचा, पण लांबून बघितलं की डोळा ते सगळं एकत्र करून टाकायचा आणि कड वितळून गोल व्हायची. अडचण एवढीच, की जो यंत्रापाशी बसलाय त्याला ती गोल झाली का नाही हे कळायचं नाही. त्याला मळच दिसणार. म्हणून दुसरं माणूस लागायचं. एकाने बसून ठिपके मांडायचे, दुसऱ्याने समोरच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि सांगायचं, पायरी आहे का गेली.

बसायची मी. माझं नाव पडलं होतं कानस. कडा घासते म्हणून, असं ते तोंडावर सांगायचे. माझ्या जिभेमुळे, असं पाठीमागे. भिंतीला उभा राहायचा तो हा. ह्याला दुर्बीण म्हणायचे. पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या शर्टाचं कुठलं बटण तुटलंय ते हा खिडकीतून सांगायचा, आणि लोक खरंच खात्री करायला जायचे.

"आहे का?" मी विचारायची.

"आहे. पोटाखाली, पायाच्या जरा मागे."

मी ठिपका ठेवायची. "आता?"

"गेली."

दिवसभर खोलीत एवढंच संभाषण. फोरमन म्हणायचा, तुमचं बोलणं ऐकून बाहेरच्याला वाटेल घरात उंदीर शिरलाय.

कोंबडा हे आमचं पहिलं मोठं काम. गावातल्या एका बेकरीच्या पावाच्या वेष्टनावर छापायचा होता. त्याचा तुरा काढताना आमचं चांगलंच वाजलं. मी मधलं टोक सरळ काढलं होतं. हा म्हणाला, वाकडं कर, कोंबडा आत्ताच झोपेतून उठलाय. मी म्हटलं, माझ्या हातून काहीही वाकडं होणार नाही. शेवटी वाकडं केलं आणि ते बरोबर होतं, हे मी त्याला आजतागायत सांगितलेलं नाही.

काम संपलं त्या दुपारी हा तरीही म्हणत राहिला, "अजून एक आहे." मी शोधशोध शोधली. "कुठे?" "शेपटीत कुठेतरी." मला काही दिसेना. वैतागून उठले, भिंतीपाशी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि बघितलं. कोंबडा लोण्यासारखा गुळगुळीत होता. "कुठे आहे पायरी?" मी विचारलं. "होती," हा म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. मी परत जागेवर जाऊन बसले, पण त्या दिवसापासून ह्याने "अजून एक आहे" म्हटलं की मी मुकाट्याने उठून भिंतीपाशी जायला लागले. पुढच्या वर्षी लग्न झालं. तो काळ आठवला की मला अजून त्या खोलीतला गारवा अंगावर येतो, आणि खोटं कशाला बोलू, रडूही येतं.

पुढे नवी यंत्रं आली. ती पायऱ्या आपोआप घालवायची. फोरमन वाईट माणूस नव्हता, त्याने ह्याला खोलीबाहेर बोलावून सांगितलं, "दुर्बीण, आता भिंतीपाशी माणूस लागत नाही. तुम्ही जरा गोडाऊनमध्ये बघा." छापखाना बंद पडेपर्यंत हा गोडाऊनमध्ये कागदाचे गठ्ठे लावत राहिला. जेवणाच्या सुट्टीत काहीतरी निमित्त काढून वर यायचा, जरा वेळ भिंतीला टेकून उभा राहायचा आणि निघून जायचा. कुणी काही विचारायचं नाही.

असो. तर त्या शनिवारी दुपारी मी बाह्या सरसावल्या. आता ठिपके मांडायची गरज नसते. पेन घेऊन कडेकडेने बिंदू टाकत जायचं, दोन बिंदूंमधली रेघ हवी तशी वाकवायची. वळणावर बिंदू जितके कमी तितकं वळण सुरेख. पण हाताला सवय जुनी, मी भीतीपोटी जास्त बिंदू टाकते, आणि मग रेघेला बारीक टेंगळं येतात. ती जवळून दिसत नाहीत. बोर्ड रस्त्यापलीकडून वाचायचा असतो, तिथून दिसतात.

"अरे, ऐकतोस का," मी हाक मारली. "ये. कोंबड्यावर तुझं काम निघालंय."

हा बाहेरच्या खोलीतून आला. कोंबड्याचं नाव काढल्यावर असा खुलला की बघत राहावं. मी टेबल सरकवून लॅपटॉप दाराकडे तोंड करून ठेवला. हा थेट पुढच्या दारापाशी गेला, पाठ लावली, हाताची घडी घातली. केस तेवढे पांढरे, बाकी उभं राहणं तेच.

"आहे का?" मी विचारलं.

"आहे. पोटाखाली, पायाच्या जरा मागे."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. खरंच तिथे टेंगूळ होतं. मी एक बिंदू उडवला, रेघ ताणली. "आता?"

"गेली."

मग मानेपाशी. मग शेपटीच्या बुडाशी. मी एकेक करत गेले आणि हा दारातून सांगत गेला. शेपटीपाशी मला जरा चमत्कारिक वाटलं, कारण हा म्हणाला "गेली" आणि मी तोवर तिथे हातच लावला नव्हता. मला वाटलं, कंटाळला. मी चिडले. "लक्ष कुठेय तुझं?" म्हटलं. "डोळ्यांत तेल घालून बघ जरा."

"बघतोय की."

मी परत कामाला लागले आणि रागारागात भलतंच बटण दाबलं. कोंबडा ज्या थरावर होता तो थरच झाकला गेला. पडद्यावर नुसता पांढरा कागद. मी तो परत आणायला हात पुढे केला, तेवढ्यात दारातून आवाज आला, "हां. आता गेली. आता तुऱ्याकडे बघ."

माझा हात तसाच राहिला.

हा आजचा कोंबडा बघतच नव्हता. हा तेव्हाचा कोंबडा आठवत होता. कुठल्या पायरीनंतर कुठली आली होती ते सगळं ह्याला पाठ होतं, आणि पाठ केलेलं म्हणून दाखवत होता. पोटाखालचं टेंगूळ खरं निघालं, कारण वळण तिथेच अवघड आहे. तिथे कुणाचीही रेघ अडखळेल.

मी उठले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "पडद्यावर काय आहे?"

"कोंबडा."

"नीट बघून सांग."

ह्याने हाताची घडी सोडली.

"पांढरा कागद आहे," मी म्हटलं.

दाराशेजारी चपला घालायला बसायचं बुटकं स्टूल असतं, त्यावर हा खाली बसला. मला वाटलं होतं मी ओरडेन, पण आवाज हळूच निघाला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उजवा आधी गेला. डावा आता चाललाय."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. व्हॅनचे टायर बघायला गेलो होतो ना त्या दिवशी."

"मग? चष्मा? ऑपरेशन?"

"ह्याला चष्मा नाही. आहे ते टिकवायचं, म्हणाले." मग म्हणाला, "बरोबर मधे धूर असतो. ओल्या चित्रावर अंगठा फिरवल्यासारखा. दाराची चौकट दिसते, दारात कोण आलंय ते दिसत नाही."

"आणि गाडीचं काय म्हणाले?"

हा खिसा चाचपायला लागला. उत्तर मला मिळालं.

"आणि तू परवा मैद्याची पोती घेऊन आलास," मी म्हटलं.

"हळू चालवली. कडेने दिसतं ना मला."

आता मात्र माझा आवाज परत आला. "रस्त्यावर पोरं असतात. त्यांना काय सांगणार, बाळांनो, कडेने चाला, मधे आलात तर मला दिसणार नाही?"

"सोमवार होऊ दे," हा म्हणाला. "पहिला आठवडा तेवढा जाऊ दे. तिने सगळ्यांना कबूल केलंय. मग मीच सांगतो."

"पहिल्या आठवड्यात कुणी गाडीखाली आलं तर?"

ह्यावर हा बोलला ते माझ्याकडे न बघता. "तिला कळलं की मला खुर्चीत बसवेल. बाबा, तू आराम कर. बाबा, तू उठू नकोस. पुन्हा गोडाऊन."

मला काय वाटलं ते सांगते. मला त्याला मारावंसंही वाटलं आणि पोटाशी धरावंसंही वाटलं, आणि दोन्ही एकदम करता येत नाही म्हणून मी टेबलापाशी जाऊन बसले.

"मी सांगणार नाही," मी म्हटलं. "तू सांगायचंस. आजच, पेंटर यायच्या आत. नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि माझी सांगायची रीत तुला माहीत आहे."

कोंबडा मग मी एकटीनेच पुरा केला. बिंदू उडवायचा, गुडघ्यांवर हात टेकून उठायचं, दारापाशी जायचं, वळून बघायचं, कुठे टेंगूळ आहे ते डोक्यात पक्कं करायचं आणि परत यायचं. टेबलापाशी पोचेपर्यंत मी ते विसरलेली असायची. निम्मी दुपार अशा येरझाऱ्यांत गेली. हा स्टुलावर बसून माझ्या पावलांचा आवाज ऐकत होता. मधेच एकदा म्हणाला, "मधलं टोक सरळ करू नकोस हं." मी म्हटलं, "केलेलं नाही." ते जरा खेकसल्यासारखंच निघालं.

लेक आली तेव्हा उन्हं उतरली होती. हा स्टुलावरून उठून टेबलापाशी येऊन बसला होता, माझ्यासमोर. लेकीच्या कोपरापर्यंत पीठ होतं. तिने पडद्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा असा फुलला की ह्याने आता काही बोलू नये असं क्षणभर मलाच वाटून गेलं.

"आई, हाच," ती म्हणाली. "अगदी हाच. बाबा, बघितलास? कसा झालाय?"

मी ह्याच्याकडे बघितलं.

ह्याने खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. "चांगला झाला असणार," म्हणाला. "मला दिसत नाही."

"चष्मा कुठेय तुझा?"

"चष्म्याने नाही दिसत, बाळा. डोळे गेलेत. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलंय. मी तुला सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही."

लेक माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"दुपारपासून."

तिने किल्लीकडे बघितलं. "मैदा आणायला गेलो तेव्हा मी तुझ्या शेजारी बसले होते, बाबा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण मला माझाच आवाज ऐकू आल्यासारखं झालं. "तू मला बोट दाखवून सांगत होतास, ती बघ शाळा, तो बघ दवाखाना."

"रस्ता पाठ आहे मला."

"आणि मी? मी दिसते का तुला?"

हा तिच्याकडे तोंड करून बसला होता. त्याने मान फिरवली आणि खिडकीकडे बघायला लागला.

मला वाटलं शरमेने. लेकीलाही तेच वाटलं असणार, कारण ती तरातरा टेबलाला वळसा घालून गेली आणि खिडकीच्या पुढ्यात, त्याच्या बरोबर नजरेसमोर जाऊन उभी राहिली. "तिकडे काय बघतोस? माझ्याकडे बघून सांग."

"आता गेलीस," हा म्हणाला.

"म्हणजे?"

"होतीस तिथे जाऊन उभी राहा."

ती काही न समजून परत पहिल्या जागी आली. हा खिडकीकडेच बघत राहिला. त्या रिकाम्या खिडकीकडे बघता बघता त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"हां. सरकू नकोस," तो म्हणाला. "आता दिसतेस. केस कापलेस का?"

"महिना झाला," लेक म्हणाली, आणि पिठाच्या हातांनीच तिने डोळे पुसले.

महिना काय, किती महिने मी ह्याच टेबलावर ह्याच्या बरोबर समोर बसून भांडत होते, की मी बोलते तेव्हा खिडकीकडे बघू नकोस, माझ्याकडे बघत जा. आणि हा बिचारा मान वळवून माझ्याकडे बघायचा, मी म्हणायचे म्हणून. मी उठले, माझी खुर्ची उचलली आणि टेबलाच्या कडेला नेऊन ठेवली.